बिनदेठाची वेलची

सासूला नापास करायची संधी किती सुनांना मिळते? मनातल्या मनात सगळ्याच करतात, तो भाग वेगळा. पण यंत्रावर, आकड्यांनिशी, खाली स्वतःची सही ठोकून सासूला नापास करायचं भाग्य आमच्या सूनबाईच्या वाट्याला आलं, आणि गंमत म्हणजे तिला ते नको होतं.

सूनबाई मसाल्यांच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती. तिथे तिला सगळे 'मॅडम' म्हणत, पण ही गोष्ट शेवटी घरावरच येते, म्हणून आपण सूनबाईच म्हणू. तिचं काम असं, की कुणी म्हणालं ही वेलची टेकडीवरची आहे, तर ती खरंच टेकडीवरची आहे का ते शोधून काढायचं. टेकडीच्या वेलचीला बाजारात मान होता, आणि मान आला की सोंगं आलीच. सपाटीवरची, बंदरावर उतरलेली, कुठली कुठली वेलची टेकडीचं नाव लावून मिरवायची. म्हणून शिक्का निघाला. शिक्का असेल तर टेकडीची, नसेल तर नुसतीच वेलची.

आता वेलचीला तिचं गाव विचारायचं कसं? सूनबाई घरी समजावून सांगायची, की झाड ज्या मातीत उभं राहतं आणि जे पाणी पितं, त्याची खूण बोंडात उतरते. उंचावरच्या पावसाचं पाणी खालच्यापेक्षा कणभर हलकं असतं. खडकातले धातू मुळांतून वर चढतात, ते जागोजागी वेगळे. बोंडं दळायची, अ‍ॅसिडात विरघळवायची, यंत्रात घालायची. शेवटी पडद्यावर एक ठिपका उमटतो. त्याच पडद्यावर टेकडीचं गोल कडं आखलेलं असतं, टेकडीच्या अस्सल नमुन्यांवरून काढलेलं. ठिपका कड्यात पडला तर टेकडीची, बाहेर पडला तर बाहेरची.

"माणूस खोटं बोलेल, बोंड नाही बोलणार," असं ती अभिमानाने म्हणायची.

"म्हणजे आता वेलचीची साक्ष काढणार," सासूबाई म्हणायच्या. "माणसं मेली वाटतं सगळी."

सासूबाईंना अख्खी टेकडी 'फौजदार' म्हणे. सासरे गेल्यावर उतारावरचा वेलचीचा मळा त्यांनी एकटीने सांभाळला होता, आणि तो सांभाळता सांभाळता शेजारी, मजूर, वारा आणि देव या सगळ्यांशी भांडून घेतलं होतं. सून आली तेव्हा त्यांना आयतीच नवी आघाडी मिळाली. लग्नाच्या पहिल्याच हंगामात त्यांनी सूनबाईला देठ खुडायला बसवलं. भट्टीत वाळलेली बोंडं जाळीवर घासली की बरेचसे देठ गळून पडतात, पण चिवट असतात ते एकेक करून कात्रीने खुडावे लागतात. बोटं हुळहुळतात, मान अवघडते. सूनबाई कुरकुरली की सासूबाई म्हणायच्या, "का गं, कॉलेजात हे नाही शिकवलं?" त्यानंतर दर हंगामात ती खुडत आली, आणि दर हंगामात मनातल्या मनात सासूला नापास करत आली.

यंदा मात्र फौजदारीणबाईंनी मोठंच भांडण काढलं होतं. टेकडीवरचा सगळा माल खालच्या गोदामवाल्या शेठकडे जायचा. शिक्क्यासाठी नमुनाही तिथूनच जायचा आणि शिक्काही गोदामाच्या पोत्यांवरच बसायचा. शेठ वजनात हात मारतो, असं म्हणून सासूबाईंनी त्याच्या दारात उभं राहून त्याचा उद्धार केला आणि आपला नमुना थेट प्रयोगशाळेत धाडला. गोदामाला वळसा घालून आलेला तो पहिलाच नमुना.

नमुन्यांवर नावं नसतात, नुसते क्रमांक असतात. सूनबाईने तो यंत्रात घातला. ठिपका कड्याच्या बाहेर. तिने पुन्हा दळला, पुन्हा विरघळवला. पुन्हा बाहेर, अगदी त्याच जागी. तिने 'बाहेरची' असं लिहिलं, मग क्रमांकामागचं नाव उघडण्यात आलं, आणि ते सासूबाईंचं निघालं.

साहेबांनी लगेच बोलावलं. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, मऊ बोलणारा, मऊ खुर्चीत बसणारा माणूस. वाईट नव्हते हो. कुणाला दुखवणं त्यांना जमत नसे, आणि सगळ्यात जास्त जपायचे ते स्वतःला.

"मॅडम, तुमच्या घरचाच नमुना निघाला म्हणे."

"नाव उघडल्यावर कळलं, सर."

"मग त्यात एवढं काय! ठिपका कड्याच्या जवळच तर पडलाय."

"जवळ नाही, सर. चांगला लांब आहे."

"अहो, जवळ काय नि लांब काय, बघणाऱ्यावर असतं. करून टाका सही. आई खूश, तुम्ही खूश. मी काही बघितलंच नाही."

"आणि उद्या सपाटीवरचा कुणी आला, तर त्यालाही जवळचाच म्हणायचं का?"

साहेबांनी हात वर केले. "मग नापास करा. पण घरी जाऊन सांगायचं तुम्ही. मला त्या बाईंसमोर उभं करू नका."

सूनबाई घरी आली तेव्हा सासूबाई ओसरीवर पोत्याचं तोंड शिवत बसल्या होत्या. नवरा शेजारीच सुतळी धरून होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असा सगळा मामला. तिने एका दमात सांगून टाकलं. सासूबाईंचा दाभण हवेतच थांबला. त्यांचा चेहरा असा उतरला, की सूनबाईला आपल्या इतक्या वर्षांच्या मनातल्या निकालांची लाज वाटली.

"साहेब पास करायला तयार आहेत ना?" नवरा चाचरत म्हणाला. त्याची कायमच अडकित्त्यातली सुपारी झालेली असायची. "मग घेऊ या की. आपला माल आपल्याला माहीत आहे."

"मेहेरबानीचा शिक्का?" सासूबाई कडाडल्या. "माझ्या पोत्यावर? त्यापेक्षा सगळी वेलची खतात घालीन मी!" मग त्या सुनेकडे वळल्या. "तू सांग. मी बाहेरून माल आणते? चोर आहे मी?"

"तुम्ही भांडखोर आहात, आई. चोर नाही."

"मग तुझं यंत्र चोर आहे."

"यंत्रही नाही. मी दोनदोनदा तपासलंय."

"मी चोर नाही, यंत्र चोर नाही. मग कोण आहे?"

प्रश्न बिनतोड होता. रसायनशास्त्राच्या कुठल्याही परीक्षेत सूनबाईला इतका चांगला प्रश्न कुणी विचारला नव्हता.

सकाळी तिने गुडघ्यापर्यंत मोजे चढवले आणि मळ्यात गेली. वेलचीची बोंडं झाडाच्या शेंड्याला नाही, बुंध्याशी जमिनीलगत येतात. ती तोडायची तर माणसाला ओल्या पाचोळ्यात कमरेत वाकावंच लागतं, आणि वाकलं की जळवा चढतातच. तिने वाकून वाकून ओली बोंडं तोडली, मुळाशी हात घालून माती घेतली, झऱ्याचं पाणी बाटलीत भरलं. पायावरच्या जळवा झटकत प्रयोगशाळेत आली. बोंडं तिथेच वाळवली, आणि हे सगळं यंत्रातून काढलं.

बोंडांचा ठिपका सासूबाईंच्या ठिपक्यावर नेमका जाऊन बसला. मातीची आणि पाण्याचीही त्याला साक्ष होती. म्हणजे वेलची टेकडीचीच, आणि ती टेकडीच्या कड्यात मावत नव्हती. सूनबाई पडद्याकडे बघत राहिली. आजवर तिने हजार ठिपक्यांवर संशय घेतला होता, कड्यावर एकदाही नाही. कडं ती इथे येण्याआधीपासून आखलेलं होतं. देवघरातल्या देवाला कुणी जन्मदाखला विचारतं का?

कपाटात मूळ नमुन्यांच्या बरण्या होत्या, ज्यांवरून हे कडं काढलं गेलं. नियम असा, की असे नमुने झाडावरून हाताने तोडायचे, प्रयोगशाळेतच वाळवायचे, आणि बाकी काही करायचं नाही. तिने पहिली बरणी उघडून बोंडं तळहातावर घेतली. गुळगुळीत, एकसारखी, चाळणीतून निवडल्यासारखी. दुसरी बरणी तशीच. तिसरीही. आणि मग तिच्या बोटांच्या टोकांना, त्या हुळहुळून निबर झालेल्या टोकांना, आधी कळलं आणि डोक्याला मागून. एकाही बोंडाला देठ नव्हता.

झाडावरून तोडलेलं बोंड देठासकट येतं. इथली बोंडं घासलेली, खुडलेली, वर एका मापाने चाळलेली होती, आणि चाळण्या असतात त्या गोदामातच. ती मळ्यातून आलीच नव्हती, गोदामातून आली होती. आणि गोदामात टेकडीच्या वेलचीत बंदरावरची स्वस्त वेलची मिसळून ढीग वाढवतात, याची कुजबुज पोरंटोरंसुद्धा करत. तिने बंदरावरचा एक जुना नमुना ताडून पाहिला. टेकडीचं कडं टेकडी आणि बंदर यांच्या बरोबर अधेमधे लोंबकळत होतं. म्हणजे भेसळ हेच माप ठरलं होतं. भेसळ करील तो कड्यात, न करील तो बाहेर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

ती बरणी घेऊन तडक साहेबांच्या खोलीत गेली.

"सर, हे नमुने तुम्ही गोळा केले होते?"

"मीच. तेव्हा मी नवीन होतो इथे."

"मळ्यात गेला होतात?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढून पुन्हा घातलं. "अहो, पाऊस होता. आणि जळवा! तुम्हाला कल्पना नाही, किती जळवा होत्या. शेठ म्हणाले, बसा ओसरीवर, माझ्याकडे प्रत्येक मळ्याचा माल आहे, माणूस भरून देईल बरण्या."

उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात, पण शेठच्या ओसरीवरून टेकडी मोजणारा हा एकच. सूनबाईला हसू आलं आणि संतापही, दोन्ही एकदम आल्यामुळे तिला ठसका लागला.

"कडं पुसावं लागेल, सर. सगळे नमुने नव्याने घ्यावे लागतील."

"म्हणजे दिलेले सगळे शिक्के खोटे म्हणायचे? यंदा कुणालाच शिक्का नाही? तुमच्या आईंनासुद्धा नाही, समजतंय ना?" आता साहेबांच्या आवाजातला मऊपणा कमी झाला होता. "आणि लोक काय म्हणतील? सासू नापास झाली म्हणून सुनेने मापच मोडलं. सासू तुमची, यंत्र तुमच्या हातात, निकालही तुमचा. ही खुर्ची राहील का तुमची? त्यापेक्षा ऐका. आईंना पास करू. बरण्या कपाटात राहू द्या."

सूनबाईने बरणी परत ठेवली नाही. साहेबांची तिला भीती वाटत नव्हती. भीती वाटत होती ती सासूबाईंची. तुम्ही खऱ्या आहात हे सिद्ध झालं, आणि म्हणूनच यंदा तुमचा शिक्का गेला, हे त्या बाईंना कुठल्या तोंडाने सांगायचं? तिचा धीर झाला नाही. घरी ती एवढंच म्हणाली, की निकालाच्या सभेत काय ते कळेल.

निकालाची सभा प्रयोगशाळेच्या मोठ्या खोलीत भरली. टेकडीवरचे मळेवाले चपला बाहेर काढून खुर्च्यांवर बसले होते. पुढच्या रांगेत शेठ, पोटावर हात ठेवून. सासूबाई मुद्दाम मधोमध बसल्या होत्या, सगळ्यांना दिसतील अशा. साहेबांनी गोदामाच्या मालाचा निकाल वाचला. टेकडीची. टाळ्या. मग त्यांनी घसा साफ केला आणि थेट आलेल्या नमुन्याचा निकाल, सूनबाईने लिहिला होता तसाच, पुटपुटले, "बाहेरची."

खोलीत कुजबुज सुरू झाली. "फौजदारच चोर निघाली की!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि काहीजण हसले. सासूबाई ताठ बसून होत्या, पण मांडीवरच्या मुठी आवळलेल्या होत्या.

सूनबाई उठली. तिने टेबलावर पांढरा कागद पसरला आणि बरणी त्यावर रिकामी केली.

"टेकडी मोजायचं माप या बोंडांवरून ठरलंय," ती म्हणाली. "ही म्हणे तुमच्या झाडांवरून तोडलेली आहेत. या, बघा, आणि मला यातला एक देठ शोधून दाखवा."

मळेवाले पुढे आले. त्यांना समजावून सांगायची गरजच पडली नाही. एकाने बोंड उचललं, उलटसुलट केलं आणि दुसऱ्याकडे दिलं. "अरे, हे तर घासून चाळलेलं आहे. हा गोदामाचा माल झाला!" एक म्हातारा मळेवाला शेठकडे बघत सावकाश म्हणाला, "म्हणजे आपल्या टेकडीवर पिकते त्याहून जास्त वेलची टेकडीच्या नावाने विकली जाते, ती अशी होय?"

शेठ उसळले. "सासूसाठी चाललंय हे सगळं! घरचा माल पास करायचाय हिला!"

"सासूसाठी करायचं असतं, तर सही करून केव्हाच मोकळी झाले असते," सूनबाई म्हणाली. "माझ्या सासूची वेलची टेकडीचीच आहे. मी स्वतः वाकून तोडलीय आणि तपासलीय. तरी मी त्यांना शिक्का देणार नाही. मापच खोटं आहे. ते पुसून नवं काढेपर्यंत कुणालाच शिक्का नाही. त्यांनाही नाही."

आता ओरडा तिच्यावर सुरू झाला. भेसळ करणारा राहिला बाजूलाच. "यंदाच्या मालाचं काय?" "आम्ही काय घोडं मारलं होतं?" "हिच्या घरचं भांडण आमच्या डोक्यावर!" ती कागदाच्या कडा धरून उभी राहिली. सासूबाईंकडे बघायची हिंमत होत नव्हती.

साहेबांनी संधी साधली. त्यांनी खिशातून स्वतःच सही केलेलं प्रमाणपत्र काढलं, तयारच होतं, आणि दोन्ही हातांनी सासूबाईंपुढे धरलं. "आई, तुमच्यावर अन्याय झाला, मान्य. हा घ्या तुमचा शिक्का. बाकीचं पुढच्या वर्षी शांतपणे बघू."

सासूबाईंनी कागद घेतला. चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत वाचला. मागचे उठून पुढे डोकावले, कारण ही बाई भांडत नाही म्हणजे काहीतरी होणार, हे टेकडीवर सगळ्यांना माहीत होतं.

"सूनबाई," त्यांनी विचारलं, "हा कागद खरा आहे का?"

सूनबाईने आता कुठे सासूबाईंकडे पाहिलं. "वेलची खरी आहे, आई. कागद खोटा आहे."

सासूबाईंनी कागद फाडला. आधी उभा, मग आडवा, आणि तुकडे शेठच्या मांडीवर ठेवले.

"मग यंदा कुठल्या नावाने विकणार हो तुमची वेलची?" शेठ तुकडे झटकत म्हणाले. "टेकडीचं नाव तर लावता येणार नाही."

"माझ्या," सासूबाई म्हणाल्या. "मला शिव्या देणारी माणसं पुष्कळ आहेत या टेकडीवर. माझ्या पोत्यात भेसळ असते म्हणणारा एक उभा कर."

शेठने मागे वळून पाहिलं. आतापर्यंत ओरडणाऱ्यांपैकी एकही उभा राहिला नाही.

सासूबाईंनी पदर खोचला आणि सुनेकडे आल्या. त्या रागावल्यात की काय, ते सूनबाईला अजूनही कळत नव्हतं.

"बघतेस काय? नवं माप काढायचंय ना? मग चल, उजेड आहे तोवर. आणि पहिला नमुना त्या म्हाताऱ्याच्या मळ्यातून घे. माझ्या मळ्यात सगळ्यांत शेवटी ये. नाहीतर म्हणतील, घरापासून सुरुवात केली."

सूनबाईने बोंडं बरणीत भरली, झाकण घट्ट लावलं, बरणी काखोटीला मारली आणि सासूच्या मागोमाग निघाली. म्हातारा मळेवाला दाराशी चपला शोधत होता, त्याच्या मागे आणखी दोघंतिघं उठली होती.